वितरणाधीन बूट

सोमवार, ता. ३

आजपासून दैनंदिनी. वही कचेरीतली आहे, पण काम देशाचंच आहे, तेव्हा मनाला लावून घेत नाही. उद्या या युद्धाचा इतिहास लिहिला जाईल, सेनापतींचे पुतळे उभे राहतील. तेव्हा 'पण ते शब्द कोणी शोधले हो?' असं एखाद्या शहाण्या माणसाने विचारलं, तर उत्तर कुठेतरी लिहिलेलं असायला हवं. उत्तर: मी. निवेदन कक्षातला मुख्य मसुदा-लेखक, सत्तावीस वर्षं नोकरी, शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

रोज संध्याकाळी सातला रेडिओवर युद्धाचं सरकारी पत्रक वाचतात, ते माझं. आज 'माघार' या शब्दाचा पेच होता. हा शब्द वरून बंद झालाय. साहेब म्हणाले, "आपलं सैन्य टेकडीवरून खाली आलंय. आणि खाली आलं असं म्हणायचं नाही." मी दोन कप चहा घेतला, थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं आणि लिहिलं: 'आपल्या सैन्याने मागील दिशेने आगेकूच केली.' साहेबांनी मला खुर्चीतून उठवून मिठी मारली. त्यांच्या पेनाची शाई माझ्या शर्टाला लागली. लागू दे.

घरी ही पत्रकाच्या वेळी रेडिओजवळ वही-पेन्सिल घेऊन बसते आणि शब्द न् शब्द टिपून घेते. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. नवऱ्याच्या लिखाणाचं एवढं कौतुक असलेली बायको मी तरी दुसरी पाहिली नाही. शेजारी सासूबाई बसतात. त्यांचं कारण वेगळं. त्यांचा धाकटा, म्हणजे माझा मेहुणा, आघाडीवर आहे. सहा फूट तीन इंच उंची, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणतात. पाय तर एवढे, की लहानपणापासून त्याला दुकानात तयार जोडा मिळालाच नाही. परवाच्या पत्रात एकच ओळ होती: 'आई, मी मजेत. बूट पाठव.' सरकारी सैन्यातल्या माणसाने आईकडे बूट मागावेत, याची मला जरा लाजच वाटली.

बुधवार, ता. ५

कालच्या पत्रकात मी 'इंधनाचा मुबलक साठा' असं लिहिलं होतं. आज सकाळी बघतो तर स्वयंपाकघरात रॉकेलचे तीन डबे! "कशाला एवढं?" म्हटलं, तर ही म्हणाली, "असू दे." संध्याकाळी रॉकेलचा भाव दुप्पट झाला आणि दुकानात थेंब मिळेना. हिला आधीच कसं कळतं, देव जाणे. बायकांना वास येतो म्हणतात ते काही खोटं नाही.

गुरुवार, ता. ६

आज कोषागारातले टक्केसाहेब आले. नाव दुसरंच आहे, पण ते चहासुद्धा 'पन्नास टक्के द्या' असा मागतात. चेहरा पडलेला. म्हणाले, "विधिमंडळात प्रश्न आलाय. चाळीस हजार जोडी बुटांचे पैसे मंजूर झाले होते, ते बूट कुठे आहेत असं विचारतायत."

"मग सांगा की कुठे आहेत."

"चौकात."

"चौकात?"

"ती विजयकमान उभी राहिली ना, त्यात गेले ते पैसे."

"पण विजय कुठे झालाय अजून?"

"विजय झाल्यावर धावपळ नको, म्हणून आधीच बांधून घेतली." मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "कंत्राटदार वरच्यांचा साडू आहे. पण अगदी शंभर टक्के काहीच खरेदी केलं नाही असंही नाही हां. सुरुवात झालीय."

कसली सुरुवात, ते काही सांगेनात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं माझ्या मनात आलं. पण पोहरा भरून दाखवणं हेच तर आमचं काम! पाच मिनिटांत लिहून दिलं: 'चाळीस हजार जोडी बूट वितरणाधीन आहेत.' टक्केसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "वा! आहेत म्हटलंय आणि आहेत असं म्हटलेलंही नाही," म्हणाले.

घरी आल्याबरोबर सासूबाईंनी गाठलं. "जावईबापू, लंबूला बूट मिळतील का?"

"वितरणाधीन आहेत, आई."

"म्हणजे आहेत का नाहीत?"

"म्हणजे... होतायत."

"होतायत? बूट म्हणजे काय दुपारचा स्वयंपाक आहे?" त्या म्हणाल्या. "बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात."

वय झालं की भाषेतले बारकावे कळत नाहीत. मी मनावर घेतलं नाही.

रविवार, ता. ९

सकाळी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेलो. मला बघताच त्याने गल्ल्यावरून उठून नमस्कार केला. लोकांत माझ्या कामाला मान आहे, हे अशा वेळी कळतं. हळूच म्हणाला, "आज संध्याकाळी काय येणार आहे हो?" आतली गोष्ट सांगू नये, पण माणूस भला, म्हणून सांगितलं, "परिस्थिती पूर्ण नियंत्रणात आहे." त्याचा चेहरा पांढराफटक पडला. साखरेची दोन पोती स्वतःच्या हाताने आत ओढली आणि फळ्या लावायला लागला. देशाची बातमी ऐकून माणूस एवढा भारावतो, हे बघून मलाही भरून आलं.

बुधवार, ता. १२



दुपारी साहेबांनी बोलावून सांगितलं, "मोठ्या पुलावरच्या तुकडीबद्दल दोन ओळी लिहा. सुखरूप आहे म्हणा." मोठा पूल म्हणजे लंबूची तुकडी. मी विचारलं, "खरंच सुखरूप आहे का हो? माझा मेहुणा आहे तिथे." साहेबांनी मान वर केली नाही. "शब्द चांगला आहे की नाही?" म्हणाले. शब्द चांगलाच आहे. मी लिहिलं, 'मोठ्या पुलावरील आपली तुकडी सुखरूप आहे.' आणि मुद्दाम सातच्या आत घरी पोचलो. सासूबाईंचा चेहरा बघायचा होता.

रेडिओवर ते वाक्य आलं आणि हिच्या हातातली पेन्सिल खाली पडली. सासूबाई उठल्या, आत गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. मी मागे मागे जाऊन म्हणतोय, "अहो आई, सुखरूप! सुखरूप म्हणालेत!" तसतशा त्या जास्तच रडतायत. खालच्या शिंपीणबाई जिना चढून आल्या आणि हिचा हात धरून बसल्या. मला वाटलं, या घराला वेड लागलं.

शेवटी हिने ती वही माझ्या हातात दिली. "वाचा," म्हणाली.

गुरुवार, ता. १३

कचेरीत गेलो नाही. पोटात दुखतंय असं कळवलं. आता त्यावर तरी कोणी विश्वास ठेवील की नाही, कोण जाणे.

वहीत मधोमध रेघ मारलेली आहे. डावीकडे माझे शब्द, उजवीकडे त्यांचा अर्थ.

मागील दिशेने आगेकूच: पळाले. मुबलक साठा: आजच घ्या. पूर्ण नियंत्रणात: दारं लावा. किरकोळ हानी: मोजत बसू नका. वितरणाधीन: नाहीत. सुखरूप: गेले.

तेवीस पानं. अक्षर मोत्यासारखं. शिंपीणबाईंकडे नक्कल आहे, वाण्याकडे आहे, म्हणे पलीकडच्या तीन गल्ल्यांतही आहे. सगळं गाव माझं पत्रक ऐकतं आणि उलटं करून वापरतं. ही म्हणाली, "तुमच्या पत्रकाइतकं खात्रीचं दुसरं काही नाही हो. आजवर एकदाही चुकलं नाही." तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. ती मनापासून म्हणत होती.

'सुखरूप' शेजारी तारीख होती. मागच्या महिन्यातली. त्या दिवशी मी लिहिलं होतं, की बोटीवरचे सर्व खलाशी सुखरूप आहेत. त्या बोटीवर शिंपीणबाईंचा भाऊ होता. आणि मी त्यांच्याकडे शाईचा डाग पडलेला शर्ट दुरुस्तीला दिला, तेव्हा त्यांना म्हणालो होतो, "भाऊ सुखरूप ना? छान, छान." त्या नुसत्या बघत राहिल्या होत्या. आत्ता ते आठवून तोंड लपवावंसं वाटतंय.

आणि एक कबूल करतो. उजवीकडचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं आहे.

शनिवार, ता. १५

कचेरीच्या तळघरात गेलो. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. तिथे खऱ्या याद्या असतात. एक बहिरा कारकून सांभाळतो. मी ओरडून मोठ्या पुलाबद्दल विचारलं. त्याने शांतपणे जाडजूड रजिस्टर पुढे सरकवलं आणि म्हणाला, "वरून कोणीतरी आलं म्हणायचं एकदाचं. मला वाटायचं, तुम्ही लोक हे बघून लिहिता."

गेलेल्यांची दोनशे अकरा नावं. दोन वेळा बोट फिरवून वाचली. लंबूचं नाव नाही. पण परत आलेल्यांच्या यादीतही नाही. म्हणजे काय समजायचं? घरी काय सांगू? 'माहिती मिळवण्याचं काम प्रगतिपथावर आहे' असं सांगणार होतो, पण तेही वहीत आहे. नवव्या पानावर. त्याच्यापुढे लिहिलंय, 'विचारू नका'.

सासूबाईंनी तीन दिवसांत चार घास खाल्ले असतील. मी घरात आलो की त्या माझ्याकडे बघत नाहीत. ओरडल्या असत्या तर सोसलं असतं.

सोमवार, ता. १७

अकरा वाजता कचेरीत फोन आला. पिछाडीच्या इस्पितळातल्या नर्सबाई होत्या. "तुमचे कोणी उंच नातेवाईक आहेत का? पलंगाबाहेर पाय येतात त्यांचे." मी म्हटलं, "आहेत! माझे मेहुणे!" लंबू जिवंत! जिवंत आहे लंबू! फोन ठेवला तो तडक घरी. चप्पल एक माझी, एक साहेबांची.

दारातच ओरडलो, "आई! लंबू सुखरूप आहे!"

झालं! सासूबाईंनी जो टाहो फोडला, तो वाण्याच्या दुकानापर्यंत गेला असेल. ही मटकन खाली बसली. तोंडातून शब्द गेला आणि मला कळलं काय झालं ते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! सावरायला गेलो, "तसं नाही, तसं नाही! प्रकृती समाधानकारक आहे!" ते सतराव्या पानावर आहे. "काळजीचं कारण नाही!" पान चार. शिंपीणबाई धावत आल्या, मागून वाणी आला, डोक्यावरची टोपी काढून उभा राहिला. मी जे म्हणेन ते वहीत होतं. सत्तावीस वर्षं शब्दांत घालवली आणि एक चांगली बातमी सांगायला माझ्याकडे शब्द उरला नव्हता.

मग माझं डोकंच सटकलं. "अहो, पाय सडलेत त्याचे!" मी ओरडलो. "बूट नव्हते! पूल सोडून सगळे पळाले, तेव्हा वीस कोस अनवाणी पळत आला गाढव! दोन बोटं कापावी लागतील म्हणतात! इस्पितळातलं जेवण आवडत नाही म्हणून ताट फेकलं, नर्सबाई वैतागल्यात! आणि मला निरोप दिलाय, दाजींना म्हणावं, वितरणाधीन बूट फार चावतात!"



सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. "ताट फेकलं?"

"फेकलं."

"माझाच आहे," त्या म्हणाल्या, आणि हसत हसत पुन्हा रडायला लागल्या. मग उठल्या आणि आपणहून ताट वाढून घेतलं. दोन वेळा भात मागितला. मी समोर बसून बघत होतो. साहेबांनी मिठी मारलेल्या दिवशीही मला एवढा आनंद झाला नव्हता.

बुधवार, ता. १९

विधिमंडळ ऐकेना. बुटांचा खुलासा आजच्या आज रेडिओवर करा, असा आदेश आला. टक्केसाहेब आणि साहेब दोघेही माझ्या टेबलाशी येऊन बसले. "वितरणाधीनच्या पुढचा एखादा शब्द काढा," साहेब म्हणाले. "वितरणोन्मुख?" टक्केसाहेबांनी सुचवलं. मला घरातल्या वहीची डावी बाजू दिसायला लागली. मी म्हणालो, "शोधतो."

ते गेल्यावर लिहिलं. सरळ लिहायची सवय नाही, चार कागद फाडले. शेवटी हे झालं:

'आघाडीवरच्या सैनिकांना बूट नाहीत. बुटांचे पैसे चौकातल्या कमानीवर खर्च झाले. मोठा पूल आपल्या हातून गेला. गेलेल्यांची यादी सचिवालयाच्या तळघरात आहे. ज्यांना बघायची असेल त्यांनी यावे.'

साहेबांकडे सहीला नेलं. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत. निवृत्तिवेतन, घराचं भाडं, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. साहेबांनी न वाचताच सही केली. म्हणाले, "तुमच्या पत्रकात वाचण्यासारखं असतं काय!"

सातला रेडिओवर निवेदकाने पहिलं वाक्य वाचलं. मग कागद उलटल्याचा आवाज आला. मग पुन्हा उलटल्याचा. बहुतेक पुढचं पान शोधत असावा. मग त्याने घसा खाकरला आणि बाकीचं वाचलं. त्याचा आवाज मी इतका साधा कधी ऐकला नव्हता.

हिने पेन्सिल उचलली, पण काहीच लिहिलं नाही. "'नाहीत' हा शब्द नवा आहे," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "आता पोलीस येतील." ती उठून माझा एक सदरा आणि टॉवेल पिशवीत भरायला लागली.

गुरुवार, ता. २०

पोलीस आले नाहीत. ते सगळे सरकारी कोठाराच्या दारावर गर्दी आवरत होते.

सकाळी साडेसातपासून रांग! म्हातारे, बायका, वाणी, पोस्टमन, सगळे. मी वाण्याला विचारलं, "कसली रांग?" तो कानाशी लागून म्हणाला, "बूट आलेत! सरकार पहिल्यांदाच 'नाहीत' म्हणालंय. म्हणजे किती आले असतील, विचार करा!"

"अहो, मीच लिहिलंय ते! खरंच नाहीत!"

त्याने माझ्याकडे कौतुकाने बघितलं. "तुम्ही तर असंच म्हणणार," तो म्हणाला. मागच्या बाईने लगेच मागच्यांना सांगितलं, "लिहिणारा स्वतः आलाय, तोही नाहीत म्हणतोय!" रांग दुप्पट झाली.

मी रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घसा फोडून खरं सांगत फिरलो. जितकं खरं सांगावं, तितके लोक पायांची मापं काढायला लागले. एकाने तर माझ्या हातात सुतळीचं माप दिलं. "जरा रुंद बघा, अंगठ्याशी दुखतं," म्हणाला.

अकराला गर्दी आवरेना झाली. कोठारपालाने घाबरून कुलूप उघडलं. आत खोकी होती, छतापर्यंत. लोकांनी आरोळी ठोकली. पहिलं खोकं फोडलं. नाड्या. दुसरं फोडलं. नाड्या. काळ्या, मेण लावलेल्या, उत्तम नाड्या. चाळीस हजार जोड्या. टक्केसाहेबांची 'सुरुवात' ती हीच.

 वाण्याने एक नाडी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "म्हणजे नाहीत?"

"नाहीत," मी म्हणालो.

"नाहीत म्हणजे नाहीतच?"

"नाहीतच हो."

रांगेतून तो शब्द मागे मागे जात राहिला. नंतर लोक तिथून विधिमंडळाकडे निघाले, प्रत्येकाच्या हातात एकेक नाडी. काही तळघराकडे वळले. त्यांत शिंपीणबाई होत्या.

घरी आलो तर ही वही घेऊन बसली होती. शेवटच्या पानावर, डावीकडे लिहिलेलं होतं: नाहीत. उजवीकडे लिहिलेलं होतं: नाहीत. दोन्हीकडे एकच शब्द. मी ते पान कितीतरी वेळ बघत बसलो. तिने चहा आणून दिला, तो निवला.

शनिवार, ता. २२

आदेश आला: 'आपल्या प्रदीर्घ सेवेचा गौरव म्हणून आपणांस तूर्त विश्रांती प्रदान करण्यात येत आहे.' साहेबांनी स्वतः लिहिलंय, एका 'विश्रांती'त दोन चुका आहेत. हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हाकललं." म्हटलं, "हो." टक्केसाहेबांनाही विश्रांती मिळाली आहे, शंभर टक्के. बुटांची चौकशी सुरू झाली. खरी का खोटी, ते अजून कळायचंय.

संध्याकाळी शिंपीणबाई माझा शर्ट घेऊन आल्या. डाग गेलेला नाही, त्यावर खिसा शिवून दिलाय. म्हणाल्या, "यादीत भावाचं नाव सापडलं. आता रोज दाराकडे बघणं तरी थांबेल."  चुकलो, एवढं म्हणालो. त्यांनी शिलाई घेतली नाही.

रविवार, ता. ३०

लंबू घरी आला. दारात वाकून आत शिरला, काठी टेकत. दोन्ही पायांना एवढी मोठी बँडेजं, की या मापाचे बूट आता कुठल्याच सरकारला परवडायचे नाहीत. मला बघून म्हणाला, "काय दाजी, परिस्थिती नियंत्रणात?" मी म्हटलं, "नोकरी गेली." तो इतका हसला की पलंगावर पडला.

पोस्टाने त्याच्या नावाचं सरकारी पार्सलही आलं होतं. उघडलं, तर नाड्यांची एक जोडी. सोबत चिठ्ठी, पोच द्यावी.

तो झोपल्यावर सासूबाई स्वयंपाकघरात माझ्याजवळ आल्या. सकाळी इस्पितळाच्या डॉक्टरांशी मीच बोललो होतो, हे त्यांना माहीत होतं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "जावईबापू, नीट चालेल ना हो तो?"

डॉक्टर म्हणाले होते, 'लक्षणीय सुधारणा अपेक्षित आहे.' जिभेच्या टोकावर आलं होतं.

"नीट नाही, आई," मी म्हणालो. "लंगडेल. थंडीत दुखेल. पण चालेल."

ही ओट्याशी उभी होती. वही शेजारीच होती. तिने उघडली नाही.

"बरं," सासूबाई म्हणाल्या, आणि लंबूसाठी दूध तापवायला ठेवलं.